आवाज न घेतलेली मुलाखत

आमच्या जुन्नर तालुक्यात बिबट्या जेवढा दिसतो, त्याहून बिबट्यावर डॉक्युमेंट्री काढणारे जास्त दिसतात. राजुरीत आमच्याच घरी तीन टीम येऊन गेल्या. सगळ्यांचं ठरलेलं: आधी ड्रोन, मग ऊस, मग बासरी, मग एक म्हातारा शेतकरी. म्हातारा जीव तोडून काहीतरी सांगत असतो, आणि त्याचा आवाज बारीक करून वरून दुसराच कुणीतरी घसा खाकरून भलतंच सांगतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा टीव्हीला चप्पल फेकून मारायचीच बाकी ठेवली होती मी.

म्हणून एका वाहिनीनं मला विनोदी मालिका करायला दिली तेव्हा म्हटलं, यांचीच खेचू. दर आठवड्याला एक खोटी डॉक्युमेंट्री, चेहरा एकदम गंभीर. पहिल्या भागात ओतूरच्या बाजारात द्राक्षं चाखत फिरणारं, पण कधीच काही न घेणारं गिऱ्हाईक होतं. निवेदक दबक्या आवाजात सांगायचा, 'नर सावध आहे. त्याला विक्रेत्याची चाहूल लागली आहे.' लोकांना लई आवडलं. तिसरा भाग बिबट्याचा. त्यात बिबट्या नव्हताच, त्याची वाट बघत वडापाव खाणारं युनिट तेवढं होतं.

त्या भागातला खरा विनोद मुलाखतीचा होता. शेतकरी हातवारे करत भरभरून बोलणार आणि निवेदक म्हणणार, 'ते म्हणतात, नाही.' एवढंच. पुण्याचा नट आणला तर तो शेतकऱ्याचं सोंग करत बसला असता, म्हणून मी आमच्या वडिलांना बसवलं. घरात सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. सत्तरी ओलांडलेला माणूस, मोजून चार शब्द बोलणारा.

"काय बोलू रं?" अण्णांनी विचारलं.

"काहीही बोला. टोमॅटोचं बोला. आवाज घेतच नाही आम्ही, वरून निवेदन टाकणार आहे."

आमच्या धंद्यात ही रीतच आहे. ज्या शॉटवर निवेदन पडणार, त्याला माईक लावत नाहीत, वेळ वाचतो. साउंडवाला तर बाभळीखाली आडवा झाला होता. उसाच्या कडेला अण्णांना बाजेवर बसवलं, बघायला समोर एक रिकामी खुर्ची ठेवली, आणि कॅमेरा घेऊन आम्ही लांब बांधावर गेलो. तिथून फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते. दोन मिनिटं पुरली असती. अण्णा अकरा मिनिटं बोलले. मध्ये टोपीनं डोळे पुसले. कॅमेरामन म्हणाला, "राव, काय चेहरा आहे! चालू ठेवतो." मी म्हटलं, ठेव. ऊन लागलं असेल डोळ्यांना, असं मला वाटलं. एवढा मी शहाणा.

इथं घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी कॉलेजात होतो तेव्हा अण्णा आणि त्यांचा धाकटा भाऊ, माझा चुलता, आणे गावाहून एका पाहुण्यांचा साखरपुडा उरकून मोटारसायकलवर परत येत होते. दिवस मावळताना घाटात बिबट्या आडवा गेला आणि गाडी रस्त्याकडेच्या चारीत गेली. अण्णांचा हात मोडला. चुलता जागीच गेला. गाडी चुलता चालवत होता, असं अण्णांनी दवाखान्यात सांगितलं, आणि त्यानंतर त्या संध्याकाळबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. चुलत्याला वेगाची खोड होतीच, त्यामुळं कुणी परत विचारलंही नाही. चुलती आमच्यातच राहते. दर वर्षी त्याच्या श्राद्धाला नैवेद्य ठेवते आणि चिडून म्हणते, "एवढी कसली घाई व्हती वो तुम्हाला? दोन लेकरांचा तरी इचार करायचा." ती रागावते, मग रडते, मग आम्हाला जेवायला वाढते.

एडिटिंगला बसलो तेव्हा अकरा मिनिटांतले चाळीस सेकंद निवडायचे होते. एका जागी अण्णांनी दोन्ही मुठी पुढं धरल्या, उजवं मनगट पिळलं, मग तोच हात मागं नेऊन स्वतःच्या कमरेवर थोपटला, मागं बसलेल्या कुणीतरी तिथं धरलंय असं दाखवल्यासारखा. मग दोन्ही तळवे उघडे करून खुर्चीकडं बघत राहिले. मी पोटचा पोरगा. मला कळायला पाहिजे होतं. पण माझ्या डोक्यात काय आलं? निवेदनाची ओळ! 'ते सांगतात की बिबट्याकडे स्वतःचं वाहन आहे.' एडिटर हसून हसून खुर्चीतून घसरला, वाहिनीवाले खूश झाले, आणि मीही स्वतःवर खूश झालो.

तो भाग लागला रविवारी सात वाजता. आमच्या ओसरीवर अर्धी आळी जमली होती. अण्णा कोपऱ्यात तंबाखू मळत होते. चुलती टीव्हीसमोर मेथी निवडत बसली होती. अण्णा पडद्यावर आले तशा शिट्ट्या पडल्या. 'ते म्हणतात, नाही' वर सगळे हसले. मग मुठी आल्या, मनगट आलं, वाहनाची ओळ आली, आणि शेजारचे एक जण तर मांडीवर थापा मारायला लागले. "अण्णा, बिबट्याला लायसन काढून द्या!"

मी हसणारे मोजत होतो, खोटं कशाला बोलू. म्हणून दिसलं, की एक जण हसत नाही. चुलतीचे हात मेथीत थांबले होते. ती निवेदन ऐकतच नव्हती, अण्णांचे हात बघत होती. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला.

तिनं मान वळवली. "अण्णा, गाडी तुमी चालवत व्हता?"

ती हळूच बोलली, पण ओसरी गप झाली. टीव्ही तेवढा चालू राहिला. मी मनात म्हणत होतो, म्हणा ना अण्णा, इनोदी हाय ते, कायबी हात हलवलेत. एवढं म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. अण्णांनी मळलेली तंबाखू तशीच खाली टाकली.

"व्हय," ते म्हणाले. "त्यो मागं बसला व्हता. अण्णा हळू घ्या, अण्णा हळू घ्या, म्हनत व्हता."

चुलतीनं मेथीचं ताट बाजूला सरकवलं.

"अन् मी इतकी वर्सं त्यांनाच बोल लावला," ती म्हणाली. "दर श्राद्धाला, अण्णा. तुमच्यासमोर."