गुरुवारपुरता हात

मंगळवार, १२ ऑक्टोबर २००४. ऊन कडक. नळाला पाणी उशिरा आले. गौतमीचा ताप उतरला, खोकला आहे. तिच्यासोबत वडगाव रासाईला जाऊन आले. पाय सुजले.

माझ्या रोजनिशीत त्या दिवसाची नोंद अशी सुरू होते.

गौतमी दौंडला माझ्या मागच्या खोलीत भाड्याने राहायची. मूळची मांडवगण फराट्याची, फिजिओथेरपी शिकलेली. लकवा झालेल्या माणसाला पुण्याला न नेता, गावचे आरोग्य केंद्र आणि घरची माणसे मिळून पुन्हा हातीपायी धड करू शकतात का, याचा ती अभ्यास करत होती. दोन वर्षे एसटीने, वडापच्या जीपने शिरूर-दौंडची गावे फिरत होती. संध्याकाळी आली की चपला न काढताच उंबऱ्यावर बसून राही. बऱ्याच जणांच्या घरी काही सुधारत नव्हते. वडगावचे म्हस्कूआबा मात्र, उजवा हात लुळा पडला असूनही, आता आपल्या हाताने जेवू लागले होते.

"एक माणूस जरी उभा राहिला ना मावशी," ती म्हणायची, "तरी आरोग्य खात्याच्या साहेबांना सांगता येईल, हे काम बंद करू नका."

आबांकडे ती दर गुरुवारी जाई. तापामुळे गुरुवार चुकला, म्हणून ती मंगळवारी निघाली. एकटीला सोडवेना, म्हणून मीही गेले.

पोचलो तेव्हा जेवणाची वेळ होती. आबा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांची बायको कुशाबाई कालवणात भाकरी कुस्करून त्यांना घास भरवत होती. आबांचा उजवा हात मांडीवर पडलेला, कोरडा.

कुशाबाईचा हात मध्येच थांबला. "आज गुरुवार न्हाई की वो ताई."

"नाही. पण आबा स्वतः जेवतात ना?"

"जेवत्यात की, गुरुवारचं. तुम्ही एवढ्या लांबनं उन्हातान्हात येता. तुमास्नी नाराज कशाला करायचं?"

"आणि बाकीचे दिवस?"

"मी हाय की! जावा आधीच टोमणं मारत्यात, म्हातारीला नवऱ्याचा घास जड झाला म्हणून."

आबा जड जिभेने म्हणाले, "सांडतंय ताई. सुनंम्होरं अंगावर कालवण सांडून घ्यायचं व्हय? गुरुवारी तिला रानात धाडतो."

गौतमी पायरीवरच बसली. बराच वेळ नुसती खोकत राहिली. कुशाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. "रागावला का?"

"नाही हो. दमले."

पाणी पिऊन तिने विचारले, "देवाचा घास कोण काढतं?"

जेवणाआधी घरच्या कर्त्याने बिरदेवाच्या नावाने एक घास ताटाबाहेर ठेवायचा, ही त्या घरची रीत. गौतमीच्या घरी असे काही करत नसत, पण शेजारी तिने लहानपणापासून पाहिले होते.

"दुखणं आल्यापासनं कुणीच न्हाई," कुशाबाई म्हणाली. "पोरगा काढतो म्हणला, तर म्हणत्यात, मी जित्ता हाय की अजून."

"मग काढा आबा. तेवढाच. आणि सांडला तर सांडला. तो ताटाबाहेरच ठेवायचाय."

आबा एका बाजूने हसले. "लय लबाड हायस, पोरी."

हात मांडीवरून ताटापर्यंत यायलाच वेळ लागला. बोटांत भाकरी येईना. कुशाबाईचा हात पुढे गेला, तिने तो मागे ओढून पदरात गुंडाळला. अर्धा घास धोतरावर सांडला, अर्धा जमिनीवर टेकला. आबांच्या कपाळावर घाम आला होता. सून दारात उभी होती. तिने घासाजवळ पाण्याचा थेंब सोडला आणि आत गेली.

"झालं," आबा कुशाबाईला म्हणाले. "आता भरव."

परतताना वडापात गौतमी खिडकीला डोके टेकून म्हणाली, "अहवालात आबा स्वतः जेवत नाहीत, असंच लिहावं लागणार."

"मग काम बंद झालं तर?"

"होईल. एक घास काढतात, एवढं खाली लिहीन. वाचतील का, कोण जाणे."

घरी आल्यावर ती जेवणाला उठलीच नाही. मीही हाक मारली नाही.

त्या तारखेखाली शेवटची ओळ आहे: दोन भाकऱ्या उरल्या, फडक्यात गुंडाळून ठेवल्या.