क्वांटमवरची माझी दोन भाषणं

आता काय सांगू, माझ्या हातात कुणी माइक देऊच नये! तरी अश्विनीनं दिला. ही माझी जुनी विद्यार्थिनी. नाशिकच्या तंत्रज्ञान परिषदेची सगळी सूत्रं यंदा तिच्याकडे होती. बाकीच्यांना पुण्याचा कुणी तरी मोठा वक्ता हवा होता, पण ही अडूनच बसली. "क्वांटम कम्प्युटिंग ना? आमचे सरच बोलतील!"

मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो. आजवर परिषदांमध्ये काय केलं? खुर्च्या मांडल्या, पाहुण्यांसाठी शाली आणल्या. आणि आता मीच वक्ता! आठवडाभर पहाटे चारला उठून आरशासमोर सराव केला. शेवटी बायको म्हणाली, "अहो, निदान आरशाला तरी झोपू द्या!"

त्या दिवशी पहिल्या रांगेत बसलो. शेजारी अश्विनीचे वडील, नाना. लेकीचं कौतुक बघायला कळवणहून एसटीनं आलेले. माझ्या पोटात मिसळ, वरून एसीची गार झुळूक, आणि स्टेजवर एक गृहस्थ डेटा सेंटरबद्दल अंगाई म्हणावी तसं बोलत होते.

मग माझं नाव आलं. उठलो, आणि काय बोललो म्हणून सांगू! शब्द नुसते कापसासारखे तरंगत होते. हॉलच्या भिंती कुठं गेल्या कुणास ठाऊक! समोर गंगापूर धरणाचं निळं पाणी पसरलेलं, त्यावर खुर्च्या टाकून लोक बसलेले, आणि माझ्या प्रत्येक वाक्याला एकेक पांढरा बगळा सावकाश उडत होता. आमचे प्राचार्य डोळे पुसत होते. आमचे प्राचार्य! शेवटचं वाक्य मी हळूच पाण्यावर सोडलं, आणि टाळ्यांचा कडकडाट...

डोळे उघडले. टाळ्या खरंच चालू होत्या. नाना कोपरानं ढोसत होते, "सर, उठा की. बोलावत्यात तुम्हाला."

मला वाटलं, सत्काराला बोलावताहेत! तसाच तरंगत स्टेजवर गेलो, हात जोडले.

"मित्रहो, इतक्या शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. असा अवघड विषय तुमच्या मनाला भिडला, यातच सगळं आलं. काही प्रश्न?"

हॉल चिडीचूप. मी म्हटलं, लोक भारावलेत बिचारे!

"लाजू नका, विचारा!"

नानांनी हात वर केला. "सर, भाषन कवा व्हायचं?"

"अहो नाना, आत्ताच झालं ना!"

"कुठं?"



अश्विनी धावत आली. माइकवर हात ठेवून कुजबुजली, "सर, मी फक्त तुमची ओळख करून दिली. टाळ्या त्याच्या होत्या. भाषण बाकी आहे!"

झालं! पायाखालचं धरण एका क्षणात आटलं. पोरीचा चेहरा पांढराफटक. माझ्यासाठी सगळ्यांशी भांडली, आणि मी तिची अशी शोभा करतोय? काहीतरी करायलाच हवं होतं. मी माइक ओढला.

"पाहिलंत? भाषण झालंही आहे आणि झालेलंही नाही! यालाच म्हणतात क्वांटम!"

अहो, हॉल हसून लोटपोट! शिट्ट्या काय, टाळ्या काय! अश्विनीच्या जिवात जीव आला.

तेवढ्यावर थांबलो असतो तर? पण नाही! आठवडाभराचा सराव वाया कसा घालवायचा? चांगला चाळीस मिनिटं बोललो. सूत्रं, आकृत्या, स्लाइडमागून स्लाइड. बगळा सोडा, माशीसुद्धा उडाली नाही.

चहाच्या वेळी नाना मला शोधत आले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"सर, लय भारी बोलले! झालंय बी आन नाय बी. येकदम डोक्यात शिरलं बघा."

मी विरघळलो. जरा लाडात येऊन विचारलं, "आणि त्यानंतरचं भाषण?"

नानांनी माझा हात सोडला.

"त्यानंतर बी व्हतं का?"