मरगाईपुढची बारा मिनिटं

देवावर माझा विश्वास होता की नव्हता, हे मला धड सांगता येणार नाही. घड्याळावर मात्र पक्का होता. गडहिंग्लज-कोल्हापूर रस्त्याच्या एका फाट्यालगत मी शाळामास्तर होतो आणि गाड्यांचं मला वेड होतं. नुसत्या गिअरच्या आवाजावरून कुठला ड्रायव्हर चढण चढतोय ते ओळखायचो. रविवारी कोल्हापूर स्टेशनावर जाऊन मिरजेच्या गाडीचं कोळशाचं इंजिन डोळे भरून बघायचो. कुठली गाडी कधी आली, कधी सुटली, सगळं वहीत टिपायचो, आणि ती वही चाळली की माझं डोकं फिरायचं.

सगळ्यात जास्त फिरायचं ते सकाळच्या कोल्हापूरच्या एसटी गाडीमुळं. फाट्यावर नऊ दहाला यायची, अगदी वेळेवर. पण तिथं मरगाईचं देऊळ. ड्रायव्हर उतरून नारळ फोडणार, बायका हळदकुंकू वाहणार, सगळ्यांना खोबरं वाटणार, मग गाडी हलणार. रोज बारा मिनिटं! एक दिवस नारळ चुकला तर देवी काय उपाशी राहणार होती? मी तणतणत डेपोला पाच पत्रं लिहिली. उत्तर नाही. सहावं असं झणझणीत लिहिलं की वाचणाऱ्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी यावं.

त्याच आठवड्यात माझी पाच वर्षांची सुमी तापानं फणफणली. सकाळी तिचा श्वास घशात अडकायला लागला. गावच्या डॉक्टरांनी घसा बघितला आणि म्हणाले, "घटसर्प आहे. आत्ताच्या आत्ता कोल्हापूर गाठा." बायको म्हणाली, चला, आधी फाट्यावर चला. मी घड्याळ बघितलं. "नऊ बावीसशिवाय ती हलत नाही," असं सांगून डॉक्टरांची चिठ्ठी लिहून होईपर्यंत निवांत थांबलो. वहीवर एवढा भरवसा!

नऊ सतराला पोचलो तर फाटा मोकळा. पानपट्टीवाला म्हणाला, "मास्तर, गाडी गेली की. आज थांबलीच न्हाय. कुणीतरी तक्रार केलीया म्हणं, वरनं हुकूम आलाय."

पुढची गाडी दुपारी एकला. तोवर त्या रस्त्याला दुसरं काही मिळेल याची खात्री नव्हती. सुमीच्या गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येत होता. माझा असा संताप झाला की देवळासमोर उभा राहून मी ओरडलो, "चूक माझी हाय, तर मला धर की! पोरीनं तुझं काय घोडं मारलंय?" तोंडाला येईल ते बोललो. पायरीवर डोकं टेकलेल्या बायकोनं मला थांबवलंही नाही. शेवटी "मला काय कळंना. आता तुझं तू बघ," एवढंच म्हणालो आणि बायकोशेजारी पायरीवर बसलो.

आणि आवाज आला. कोल्हापूरकडून. त्या बाजूनं त्या वेळेला कुठलीच गाडी नव्हती, पण तो गिअर माझ्या ओळखीचा होता. तीच गाडी वळून परत येत होती!

ड्रायव्हर नारळ घेऊन उतरला. "दीड मैल गेलो, पण मन मानंना. गाडीतल्या बायकांनीबी डोस्कं खाल्लं," असं म्हणता म्हणता त्याची नजर सुमीवर गेली. त्यानं नारळ माझ्या हातात कोंबला. "आई कुठं पळून जात न्हाय. चढा पावणं, बघत काय बसलाय?" मग कोल्हापूरपर्यंत त्यानं मधे कुठंही गाडी थांबवली नाही, आणि एकाही उतारूनं तक्रार केली नाही. सुमी वाचली. मोठे डॉक्टर म्हणाले, दुपार झाली असती तर अवघड होतं.

महिन्याभरानं तोच नारळ आणि सुमीला घेऊन मी फाट्यावर उभा राहिलो. मधल्या काळात डेपोला सातवं पत्र धाडलं होतं, की वेळापत्रकातच मरगाईसाठी बारा मिनिटं धरा. उत्तर अर्थातच नव्हतं. गाडी मात्र थांबली. मी ड्रायव्हरपुढं मान खाली घालून म्हणालो, "ती तक्रार माझी होती."

"ठाव हाय," नारळाची शेंडी सोलत तो म्हणाला. "वही घिऊन उभं राहणारं मास्तर या रस्त्याला दुसरं हाय कोण? त्या दिवशी चढलासा तवाच ओळखलं."

मी आजही चिडतो. उशिराच्या गाड्यांवर आजही पत्रं खरडतो. आईनं गाडी वळवली की त्या माणसाच्या मनानं, यावर मी वाद घालत नाही. फक्त नऊ दहा झाले की वही मिटतो, घड्याळ खिशात घालतो आणि सुमीच्या शेजारी हात जोडून उभा राहतो. ती बारा मिनिटं माझी नाहीत.