एक आटा अजून

आमच्या समुद्रपूरच्या घराचं फाटक उघडलं की फरशीवर आधी लाल डाग दिसायचा. येणारा प्रत्येक जण तिथे थबकायचा. शेजारच्या काकूंनी तर एकदा हळूच विचारलं, "काऊन वं, कोंबडं कापलं का?" आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा बंद, आणि यांना कोंबडं दिसतं. मी म्हटलं, "नाई काकू, गाडीचा गिअरबॉक्स गळून राह्यला."

ती गाडी म्हणजे जुनी जपानी फोर-व्हील ड्राइव्ह. माझ्या नवऱ्याने नव्वदच्या दशकात कुठल्याशा धरणाच्या कामावरच्या लिलावातून आणलेली. तिला क्लच नाही, गिअर बदलायची कटकट नाही, सगळं आपोआप. हौस म्हणून नव्हती आणली. ट्रॅक्टरच्या अपघातानंतर यांचा डावा पाय गुडघ्यात वाकेनासा झाला, आणि क्लच दाबायला तोच पाय लागतो. त्यानंतर हे शेतावर जायचे ते कोणाच्या तरी मागे बसून, कोणाच्या तरी सवडीने. "मले नेतो का रे?" असं विचारताना यांचं तोंड कसं व्हायचं, ते मी रोज पाहिलंय. ही गाडी आली आणि ते विचारणं संपलं.

दोन हजार साल उलटल्यावर गाडी गळायला लागली. त्या गिअरबॉक्सचं तेल लाल, पातळ. थंड व्हायला ते दोन रबरी नळ्यांतून पुढे रेडिएटरपाशी जातं आणि परत येतं. नळीचं टोक लोखंडी पाइपावर चढवलेलं आणि वरून पेचाची पट्टी आवळलेली. तिथूनच टिपूस टिपूस तेल यायचं. तेल कमी झालं की इंजिन नुसतं गुरगुरायचं, गाडी जागची हलायची नाही. एकदा पावसाळ्यात काळ्या मातीत अशी बसली, की दुसऱ्याची बैलजोडी लावून ओढत आणावी लागली. त्या दिवशी हे जेवले नाहीत.

मेकॅनिक आला, नव्या नळ्या टाकून गेला. आठवडाभरात डाग हजर. पुन्हा नव्या नळ्या, पुन्हा डाग. शेवटी त्याने हात टेकले. म्हणाला, "वहिनी, ह्या गाडीले औषध नाई." माझे धाकटे दीर तेवढ्याची वाटच पाहत होते. त्यांनी पिपरी मेघेचं एक गिऱ्हाईक गाठलं. ते सोमवारी गाडी पाहायला येणार होतं. "दादा, विकून टाक. साधी जीप घेऊ, ड्रायव्हर ठेवू. तुले काऊन तरास?" असं म्हणाले, अगदी मायेने. हे अंगणात खुर्चीवर बसून गाडीकडे बघत राहिले, आणि मला यांचा असा राग आला की विचारू नका. माणसाने भांडावं तरी.

रविवारी सकाळी मी ओट्यावर तूर निवडत बसले होते. दूधवाला आला. यांनी खुर्चीतूनच त्याच्यापुढे पेचकस धरला. "जरा खाली वाक ना भाऊ, त्या पट्टीले एक आटा अजून दे." दूधवाल्याने कॅन ठेवली, वाकला, दात-ओठ खाऊन पेच एक फेरा फिरवला आणि गेला. थोड्या वेळाने खताच्या दुकानातला माणूस आला. त्यालाही तेच, "एक आटा अजून." मग दीर आले, त्यांनीही एक दिला. यांना स्वतःला गाडीखाली वाकता येत नव्हतं, म्हणून फाटकातून येणाऱ्या प्रत्येकाकडून हे एकेक आटा घेत होते. आणि आमच्या गावात अशा कामाला नाही कोण म्हणतो? उलट जो तो समजायचा की आधीच्याचा हात हलका पडला.

माझं डोकंच फिरलं. तुरीचं सूप बाजूला ठेवलं, साडीवर यांचा जुना सदरा चढवला, पोतं अंथरलं आणि सरकले गाडीखाली. पट्टी सैल केली, नळी ओढून काढली. पट्टीखालच्या रबराला गोल चीर पडली होती, सुरीने कापल्यासारखी.

"तुमीच कापली हे नळी," मी खालूनच म्हटलं.

"मी तं हातबी नाई लावला."

"गावाचे हात लावले ना. आवळू आवळू कापून टाकली."

हे मग म्हणाले, "गळत होती म्हणून आवळत होतो."

नळ्यांना चार बोटं ढील होती. मी कापलेली टोकं ब्लेडने छाटली, कुकरचं रबर नरम करतात तशी गरम पाण्यात बुडवली आणि पाइपावर पुरती सरकवली. पट्टी आवळली ती नळी हलायची थांबेपर्यंतच. मग कानस मागितली आणि प्रत्येक पेचाची खाच घासून सपाट केली. आता कोणाचा पेचकस बसतो बघू.

"अवं, मंग खोलायचं कसं?"

"खोलायचंच नाई."

डब्यात उरलेलं लाल तेल भरलं आणि खाली जुना पेपर पसरून ठेवला. सोमवारी सकाळी पेपर कोरडा. हे काठी टेकत पेपरापाशी किती वेळ उभे होते. मी घाईघाईने बरी साडी नेसले. म्हटलं, आता शेतावर चक्कर मारतील, मलाही नेतील. काल दिवसभर तेलात लोळले होते मी, तेवढा हक्क होताच.

बाहेर आले तर गाडी फाटकातून निघत होती. यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी जाम चिडले, तोंडात आलं ते बोलले. आणि फाटक लावता लावता मला रडूच फुटलं.

तेवढ्यात दीर गिऱ्हाइकाला घेऊन आले. "वहिनी, दादा कुठं?"

मी डोळे पुसले आणि सांगितलं, "शेतावर गेले. एकटेच गेले."