भाऊजींची क्यूची नळी

शुक्रवार, १२ सप्टेंबर. हवा दमट, मिठाला पाणी सुटलं. सकाळी भाऊजींबरोबर बाजारात. धाकटीच्या क्यूसाठी पेटी बघितली, एकही पसंत नाही. भाऊजी घरीच काहीतरी करतो म्हणतात. उद्या दुपारची गाडी. मला भीती वाटते आहे. कसली ते नीट लिहिता येत नाही.

वहिनींनी पेनाला टोपण लावलं आणि शेवटची ओळ पुन्हा वाचली. पावसाचे, वाण्याचे, दुखण्यांचे असे सगळे तपशील त्यांच्या डायरीत वर्षानुवर्षं नेटके उतरत आले होते. ‘नीट लिहिता येत नाही’ असं मात्र त्यांनी कधी लिहिलं नव्हतं.

भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. अख्खा जन्म एका क्लबात, बिलियर्ड्स-पूलच्या टेबलांपाशी, मार्कर म्हणून गेला. मार्करने हिरवं टेबल ब्रशने झाडायचं, चेंडू मांडायचे, क्यूंच्या, म्हणजे खेळायच्या लांब काठ्यांच्या, टोकाची चामडी टिकली घासायची आणि खेळ चालू असताना मोठ्याने गुण पुकारायचे. एखाद्या सभासदाला जोडीदार मिळाला नाही, तर त्याच्याशी खेळायचं आणि अगदी थोडक्यात हरायचं. या हरण्यात भाऊजींचा हात धरणारा कोणी नव्हता. जिंकलेला माणूस शीळ घालत घरी जायचा. पण इतकी वर्षं मान डोलावून डोलावून ‘बरोबर आहे साहेब’ हे शब्द त्यांच्या जिभेवर असे बसले होते, की दूधवाल्याने दुधात पाणी घातलं तरी तेच निघायचं.

त्यांची खरी जीभ घरात सुटायची, वहिनींसमोर आणि वहिनींच्या धाकट्या लेकीसमोर. दुपारी क्लब ओस असताना त्यांनी धाकटीला रिकाम्या टेबलावर पूल खेळायला शिकवलं. तिच्याशी मात्र ते एकदाही मुद्दाम हरले नाहीत. आता परगावी तिचा अंतिम सामना होता, रविवारी. निघायच्या आधी क्यूच्या टोकाची टिकली सुटली. नवी चिकटवली तर ती वाळायला वेळ हवा. म्हणून क्यू काकांकडे ठेवून धाकटी पुढे गेली.

जाताना म्हणाली, “काका, तूच घेऊन ये. आणि पिशवीत नको.”

पिशवीत का नको, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या वर्षी बसमध्ये कोणाची तरी ट्रंक वरून पडली आणि मऊ पिशवीतली क्यू आतल्या आत मोडली. उसन्या क्यूने धाकटी पहिल्याच फेरीत हरली आणि नंतर कित्येक महिने टेबलाकडे फिरकली नाही. ही नवी क्यू ज्याने घडवली तो कारागीर आता या जगात नव्हता. ‘ही गेली तर मी खेळणं सोडलं,’ असं धाकटी हसत हसत म्हणाली होती. लेकीचं हसत म्हटलेलंच वहिनींना जास्त खरं वाटायचं.

खेळाच्या सामानाच्या दुकानात भाऊजींनी क्यू आपल्याबरोबर नेली होती, जुन्या चादरीत गुंडाळून. तिचे दोन भाग होतात, जाड मूठ आणि निमुळता दांडा, मधे पितळी पेचाचा जोड.

दुकानदाराने आधी मऊ पिशवीच काढली. “काका, ही बघा. खांद्याला अडकवली की विसरून जाल.”

“विसरलो तर परत कोण आणून देणार?” भाऊजींनी पिशवी दोन बोटांनी दाबली, ती मधे वाकली. “हा रेनकोट झाला. रेनकोटाने हाडं मोडायची थांबत नाहीत.”

दुसरी होती चौकोनी, टणक, काळी. भाऊजींनी मूठ आणि दांडा आत ठेवला, झाकण लावलं आणि पेटी कानाशी धरून हलवली. आत टकटक झाली.

“भांडताहेत.”

“यात दोन मुठी नि चार दांडे मावतात, काका.”

“आमची एक मूठ, एक दांडा. मोठ्या घरात दोनच माणसं राहिली की जास्त आदळआपट होते. विचारा वहिनींना.”

“मी काही बोलत नाही,” वहिनी म्हणाल्या. “जे काय ते लवकर घ्या.”

तिसरी गोल होती. मुठीला वेगळी खाच, दांड्याला वेगळी, आत मऊ अस्तर. हलवली तर आवाज नाही. वहिनींचा जीव जरा भांड्यात पडतो तोच भाऊजींनी ती उलटी धरली. खिट्टी सुटली आणि दांडा घसरून त्यांच्या तळहातात आला.

“उलटी कशाला धरायची, काका?”

“मी नाही धरत. गर्दी धरते.”

“मग पुढच्या आठवड्यात नवीन माल येतोय.”

“सामना पुढच्या आठवड्यात घेतात का विचारून बघतो.”

“भाऊजी, हीच घ्या,” वहिनी हळूच म्हणाल्या. “वरून नाडी बांधू घट्ट.”

“नाडीच्या भरवशावर पोरीची क्यू नेऊ?”

परतताना भाऊजी नळ-पाइपच्या दुकानापाशी थबकले आणि सांडपाण्याच्या करड्या पाइपचा पावणेदोन हात लांब तुकडा घेऊन बाहेर आले. दुपारभर बसून त्यांनी वहिनींच्या जुन्या गाऊनच्या फ्लॅनेलची दोन पिशव्यांसारखी आवरणं शिवली, एक मुठीला, एक दांड्याला. पाइपचं खालचं टोक कायमचं चिकटवलं, वरच्या टोकाला आट्यांचं झाकण बसवलं. मग नळी उलटी धरून, आडवी धरून, जोरजोरात हलवून दाखवली. हूं नाही की चूं नाही.

“बघा. झोपली.”

वहिनींनी बघितलं. दोन्ही तोंडं बंद असलेला जाड पाइप, आत काहीतरी भरलेलं. गेल्या महिन्यात स्टेशनात एक बेवारस पिशवी सापडली होती. तेव्हापासून फाटकावर पहारा होता, सामान तपासायचं यंत्र होतं, भिंतीवर सूचना होत्या. हे बोलावंसं वाटलं, पण बोललं की खरं होतं अशी त्यांची समजूत.

घाबरल्या की त्या वस्तू बंद करत सुटायच्या. कॉन्व्हेंटमध्ये एका सिस्टरने त्यांना जॅमच्या बरण्यांच्या तोंडावर मेण ओतायला शिकवलं होतं. मेण म्हणजे हवा नाही, ओल नाही, कीड नाही. शनिवारी सकाळी भाऊजी आंघोळीला गेले तेव्हा वहिनींनी मेणबत्ती वितळवली, झाकण उघडून आट्यांत मेण ओतलं, झाकण गच्च पिळलं आणि वरून कडेनेही ओतलं. दमट हवेने लाकूड वाकतं असं भाऊजीच नेहमी सांगायचे. आता ओल जाण्याची बिशाद नव्हती. भाऊजींना त्यांनी सांगितलं नाही. चेष्टा झाली असती.

दुपारी स्टेशनावर त्या फक्त निरोपाला निघाल्या होत्या. यजमान गेल्यापासून त्या गाडीत बसल्याच नव्हत्या. डबा आणि फलाट यांच्यामधली ती काळी फट बघितली की त्यांचे पाय जड व्हायचे. हातात चहाचा थर्मास आणि आपली लांब दांड्याची छत्री घेऊन त्या चालत होत्या. भाऊजींच्या एका हातात काठी, गुडघ्यासाठी. खांद्याला नळी आणि कपड्यांची पिशवी.

फाटकावर नळी यंत्रात गेली आणि पट्टा थांबला.

पडद्यासमोरच्या पोरगेल्या पहारेकऱ्याने मान पुढे केली. मग खुर्ची मागे सरकवून तो उभा राहिला. “आजोबा, यात काय आहे?”

“खेळायची काठी आहे, साहेब.”

“मधे धातूचं काय दिसतंय? उघडा.”

भाऊजींनी झाकण पिळलं. हलेना. पुन्हा पिळलं. त्यांच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. वहिनींच्या हातातला थर्मास ओला लागायला लागला, तो त्यांच्याच घामाने.

“उघडत का नाही?”

“उघडत नाही, साहेब.”

“म्हणजे मुद्दाम बंद केलंय?”

“बरोबर आहे साहेब,” भाऊजी म्हणाले.

शिट्टी वाजली. कोणीतरी वहिनींच्या दंडाला धरून त्यांना मागे ओढलं. माणसं भिंतीपर्यंत सरकली, एका बाईने मुलाचं तोंड पदराआड घेतलं. मधली फरशी रिकामी झाली आणि त्या रिकाम्या फरशीच्या टोकाला, लोखंडी टेबलावर, ती करडी नळी एकटीच पडली होती. जाड मिशांचा अधिकारी आला. त्याने भाऊजींना विचारलं, हे तुम्ही केलं? बरोबर आहे साहेब. घरी? बरोबर आहे साहेब. भाऊजी हात जोडून उभे होते, चेहरा राखेसारखा. जन्मभर हरायची सवय झालेला माणूस आताही हरत होता, आणि या खेपेला डाव धाकटीचा होता.

“हात लावू नका कोणी,” अधिकारी म्हणाला. “बाँबवाल्यांना बोलवा. लांबूनच मधोमध कापतील.”

मधोमध. म्हणजे मूठही आणि दांडाही. वहिनींच्या डोळ्यांपुढे लाकडाचा पांढरा भुसा आला. कबूल केलं तर यांना धरतील तसं मलाही धरतील, असंही वाटून गेलं.

“मेण आहे,” त्या म्हणाल्या.

“कोण बोललं?”

“मी. मी मेण लावलंय. ओल जाऊ नये म्हणून. यांना माहीतच नाही.”

“तुम्ही कोण?”

“वहिनी.”

“कोणाच्या?”

“यांच्या.”

“आणि पाइपला मेण कशाला लावलं, आजी?”

“मी बरण्यांना लावते,” वहिनी म्हणाल्या. एरवी कोणीतरी हसलं असतं. “गरम ओतलं की सुटेल. चहा आहे माझ्याकडे.”

अधिकाऱ्याने त्यांच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. “तुम्ही लावलंत, तुम्हीच सोडवा. माझा माणूस मी पुढे पाठवणार नाही.”

वहिनी फरशीवरून निघाल्या. आत फ्लॅनेल आहे, आपल्याच गाऊनचं, निळ्या फुलांचं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी इतक्या माणसांचे श्वास रोखलेले ऐकून त्यांची खात्री पटेना. आत दुसरंच काही असलं तर? सकाळपासून कोणी बदललं असलं तर? त्या टेबलापाशी पोचल्या. त्यांनी थर्मासचं झाकण काढलं आणि चहा नळीच्या झाकणाभोवती धार धरून ओतला. वाफ आली. मेणाचा आणि चहाचा मिळून आजारी माणसाच्या खोलीसारखा वास सुटला. पदर गुंडाळून त्यांनी झाकण पिळलं. डोळे मिटून पुन्हा पिळलं.

ते फिरलं.

आतून निळी फुलं बाहेर आली, त्यांतून मूठ, मग दांडा. अधिकाऱ्याने खूण केल्यावर भाऊजींनी दोन्ही भाग जोडले. जोड पहिल्याच खेपेला बसला. त्यांनी क्यू टेबलावर ठेवून बोटाने ढकलली. ती कुठे उचल न घेता, सरळ गडगडत गेली. भाऊजींनी तेव्हा कुठे श्वास सोडला.

“ठीक आहे,” अधिकारी म्हणाला. “जा घेऊन. नळी मात्र आत जाणार नाही.”

“बरोबर आहे साहेब.”

“काय बरोबर आहे?” वहिनी म्हणाल्या. “उघडी कशी न्यायची?”

पण अधिकारी वळला होता, आणि गाडी फलाटाला लागली होती. भाऊजी उघडी क्यू छातीशी धरून उभे, समोर दारात माणसांची रेटारेटी. वहिनींनी त्या गर्दीकडे बघितलं. मग त्याच सिस्टरच्या प्रथमोपचाराच्या तासाची त्यांना आठवण झाली. हाड मोडलं की दोन्ही बाजूंनी आधार द्यायचा आणि तीन ठिकाणी बांधायचं.

“सोडा जोड. ती काठी द्या इकडे.”

“वहिनी, काठी मला लागते.”

“द्या म्हणते ना.”

फ्लॅनेलमधली मूठ आणि दांडा मधे, एका बाजूला भाऊजींची काठी, दुसऱ्या बाजूला आपली छत्री. रुमालाने, भाऊजींच्या मफलरने आणि पिशवीच्या बंदाने त्यांनी ते करकचून बांधलं. हलवून बघितलं. आवाज नाही.

भाऊजींनी एक पाऊल टाकलं आणि ते कलले. त्यांचा हात आधार शोधत वहिनींच्या खांद्यावर आला. वहिनींनी गाडीच्या दाराकडे बघितलं, खालच्या काळ्या फटीकडे बघितलं.

“तिकीट गाडीत काढता येतं का हो?” त्यांनी पोरगेल्या पहारेकऱ्याला विचारलं.

“येतं, आजी.”

“मग चला भाऊजी. खाली बघू नका. मी पण बघत नाही.”

संध्याकाळी परगावच्या खोलीत धाकटीने गाठी सोडल्या, क्यू जोडली, टेबलावर गडगडवून बघितली. मग म्हणाली, “पण आई, तू कशी आलीस?”

“काकांची काठी बांधून टाकली होती,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी तिच्याकडे एक कोरा कागद मागितला. डायरी घरी होती. कागद मागाहून चिकटवता आला असता.

शनिवार, १३ सप्टेंबर. दूध ओट्यावर उघडं राहिलं. शेजारणीला फोन केला, किल्ली तिच्याकडे असते. नासलं होतं, तिने ओतून पातेलं घासून ठेवलं.