वाफे मोडणारा अंबाजी

अंबाजीला मुकादम केलं तेव्हा शेव्याच्या खाडीकाठी त्याच्याविषयी कुणाचं वाईट मत नव्हतं. तो तिथलाच होता. बाप मिठागरात खपला, थोरला भाऊ धर्माजीही तिथेच. धर्माजीला बांधावर साप चावला आणि घरी पोचायच्या आत तो गेला. त्याची बायको तुळशी चार दिवस रडली आणि मग मुलींना हाताशी घेऊन नवऱ्याच्या वाफ्यांतलं मीठ स्वतः ओढू लागली.

ही एकोणीसशे सव्वीस-सत्तावीसच्या सुमाराची गोष्ट. मिठागर मुंबईच्या एका शेटचं, पण एकेका कुटुंबाकडे ठरावीक वाफे असत. पावसाळा सरला की घरच्या माणसांनी आपल्या वाफ्याचा चिखल पायांनी तुडवून तळ घट्ट करायचा, भरतीचं पाणी घ्यायचं, उन्हात मीठ धरलं की ओढून रास घालायची. जेवढं मीठ तेवढी मजुरी. वाफे शेटचे असले तरी माणसं ‘आमचे वाफे’ म्हणत, आणि सोयरीक जुळवतानाही वाफे कुठल्या अंगाचे हे विचारलं जाई.

मग दत्तात्रेयपंत नावाचे नवे कारभारी आले. याच आगरातलं एक पोतं पांढरंशुभ्र तर दुसरं मातकट, अशी व्यापाऱ्यांची ओरड होती. पंतांनी कुटुंबवार वाफे बंद करायचं ठरवलं. एका टोळीने तळ तुडवायचा, दुसरीने पाणी फिरवायचं, तिसरीने मीठ ओढायचं, आणि मजुरी सगळ्यांना सारखी.

“लोकांना समजावणं तुमच्याकडे,” ते अंबाजीला म्हणाले.

अंबाजीला हा बेत मनापासून पटला होता. पुढे गावाने तो विकला गेला असंच धरलं, पण ते खरं नव्हतं. तुळशीचे वाफे अगदी कोपऱ्यात, एका अंगाला खाडीचा बांध, दुसऱ्या अंगाला भातशेत. शेतातलं गोडं पाणी तिथे झिरपायचं, मीठ उशिरा धरायचं आणि धरलं तरी मळकं. मजुरी सारखी झाली तर वैनीचे हाल कमी होतील, हे त्याच्या डोक्यात होतं.

गावदेवीच्या देवळापुढे माणसं जमली. अंबाजीने उभ्या उभ्या सांगून टाकलं, “उद्यापास्नं वाफे कुनाचेच न्हायत.”

“म्हंजे?” काळूराम उठला. आगरातला सगळ्यांत जुना माणूस. “माझे बापाने तल तुडवला, तो कुनाचा?”

“मालकाचा.”

हे एक उत्तर त्याला जन्मभर पुरलं. गलका उसळला. तो सावरायला गेला आणि आणखी घसरला. “आरं, आयका तरी! वैनीचंच बगा. राबराब राबते, पन मीठ काय निघतं? माती!”

तुळशी बायांतून पुढे आली. “माझं नाव घेऊ नको, मुकादम.” आजवर ती त्याला भावजी म्हणायची. “तो तल तुझे भावाने तुडवला. मी मीठ काढते का माती, तुझे दारात कदी भीक मागाला आली व्हती?”

टोळ्या झाल्या, पण काम झालं नाही. तळ तुडवणारे वरवर पाय आपटत. पाणी वेळेवर फिरत नसे. विचारलं की उत्तर ठरलेलं: “ते दुसरे टोलीचं.” विहिरीवर अंबाजीची बायको केसर आली की बाया आपापले हंडे उचलून बाजूला होत. एका सकाळी त्यांच्या दाराला शेण फासलेलं सापडलं.

“सोडा ती मुकादमकी,” केसर म्हणाली. “मला गावात ऱ्हायाचं हाय.”

त्याने सोडली नाही. उलट तो ताठ झाला. तळ मऊ ठेवला म्हणून त्याने काळूरामला घरच्या माणसांसकट कामावरून काढलं. काळूराम त्याच्या पायापाशी थुंकला आणि निघून गेला. त्या दिवसापासून अंबाजी आगरात हातात दांडकं घेऊन फिरू लागला. पंत खूश झाले.

फाल्गुनात उधाण आलं. राशी घालायला मीठ तयार होतं. दुपारी तुळशीच्या जुन्या वाफ्यांपाशी बांध पाझरू लागला. पूर्वी आपल्या वाफ्यालगतचा बांध ज्याचा त्याने राखायचा. टोळ्या पाडताना बांध कुणाकडेच दिला गेला नव्हता. पंतांना ते सुचलं नाही आणि अंबाजीलाही. बाकी सगळ्यांच्या ते ध्यानात होतं, पण कुणी बोललं नाही.

बघता बघता भगदाड पडलं. “फावडी घ्या! चिखल टाका!” अंबाजी ओरडला. माणसं बांधावर उभी होती, एकही हललं नाही.

“बांधाची टोली कुठं हाय? तिला हाक मार,” कुणीतरी म्हणालं. हसूही आलं काहींना.

तो एकटाच पाण्यात उतरला. टाकलेला चिखल पाणी ओढून नेत होतं. छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा त्याला वर तुळशी दिसली. “वैनी, भावाचा तल चाललाय!”

“माझा व्हता तवा मी राखला,” ती म्हणाली. “आता तुझा हाय. तू राख.”

संध्याकाळपर्यंत सगळं मीठ विरघळलं.

दुसऱ्या दिवशी पंतांनी बघत उभ्या राहिलेल्यांची नावं मागितली. अंबाजीने दिली नाहीत. “सगल्यांना काडलंत तर मीठ कोन ओढेल?” एवढंच तो म्हणाला. मग काळूरामच्या घरी गेला. काळूरामने त्याला ओटीवर चढू दिलं नाही. अंगणातच दोघं उभे राहिले, आजूबाजूची माणसं जमली.

“तुमाला काय पायजे?” अंबाजीने विचारलं.

“हे आदी इचारायचं व्हतं,” काळूराम म्हणाला. “मला कामावर घे. ज्याचा बांध त्याला दे. आन् टोल्या आमी पाडू, तू न्हाय.”

“आन् मजुरी?”

उत्तर मागून तुळशीने दिलं. “सारखीच ठेव. माझी कीव येते म्हनून नको. सगल्या बाया सारख्याच वाकतात, म्हनून.”

पंत चिडले, पण हंगाम हातातून चालला होता. त्यांनी मान्य केलं. पुढच्या वर्षीचं मीठ एकसारखं पांढरं निघालं. शेटने शाबासकी पंतांना दिली, गावाने काळूरामला. अंबाजीशी माणसं कामापुरतं बोलत. पुढे उन्हात चकाकणाऱ्या मिठाने त्याचे डोळे गेले आणि चौतीस साली त्याने मुकादमकी सोडली, तेव्हा त्याला कुणी ‘नको’ म्हणालं नाही.

त्याच वर्षी त्याच्या मुलीचं, राहीचं लग्न झालं. केसर स्वतः तुळशीकडे बोलावणं घेऊन गेली. तुळशीच्या मुली आल्या, राहीला हळद लावली, जेवल्या आणि उजेड असतानाच परत गेल्या. तुळशी आली नाही. अंबाजीनेही तिच्याविषयी विचारलं नाही.