परीक्षेसाठी मागे राहिलेल्या वत्सलाताई

डॉ. वत्सला तायडे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते धुळ्यात, ऐंशीच्या दशकाच्या मध्यात. परदेशात शिकवून आलेल्या प्राध्यापकांनी आपले अनुभव सांगावेत, असा कार्यक्रम एका महाविद्यालयाने ठेवला होता. मी नुकतीच जळगावात गणिताची अधिव्याख्याता झाले होते. आधीच्या वक्त्यांनी तिकडची थंडी, रस्ते, ग्रंथालये यांचे रसभरीत वर्णन केले. शेवटी साध्या सुती साडीतल्या, बुटक्या बांध्याच्या एक बाई उठल्या. बोदवडच्या रेल्वे कामगाराची ही लेक आफ्रिकेतल्या एका अध्यापक विद्यालयात चार वर्षे गणित शिकवून आली होती.

त्या म्हणाल्या, "पहिला महिना माझं इंग्रजी मुलांना कळेना आणि त्यांचं मला. मग मी त्यांना म्हटलं, आधी तुमच्या भाषेत आपसात भांडा, मग एकाने फळ्यावर येऊन मला समजवा."

सभागृह हसले. मग कुणीतरी विचारले, की तिकडे दंगली झाल्या तेव्हा आपण कुठे होता? त्यावर ताईंनी जे सांगितले, ते ऐकताना सभागृहात कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही.

शहरात गोळीबार सुरू झाला, तेव्हा भारतीय शिक्षकांना राजधानीत नेण्यासाठी गाडी आली. ताईंचे सामान गाडीत चढलेही होते. पण शेवटच्या वर्षाचा गणिताचा पेपर दुसऱ्या दिवशी होता. तो झाला नाही तर मुलांना शिक्षकाची नोकरी मिळणार नव्हती, आणि पेपर घेऊन तपासणारे दुसरे कुणी उरले नव्हते. ताईंनी सामान उतरवून घेतले. विद्यालयाच्या सभागृहाच्या खिडक्या रस्त्यावर उघडत, म्हणून त्यांनी मक्याच्या कोठारात पोती सरकवून मुले बसवली. एक विद्यार्थिनी तान्हे बाळ घेऊन आली होती. ते रडू लागले, तेव्हा ताईंनी ते आपल्या खांद्यावर घेतले. बाहेर गोळ्यांचा आवाज आला आणि सगळ्यांची लेखणी थांबली. बाळाला थोपटत ताई रांगांमधून फिरत राहिल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "उत्तराखाली रेघ मारायला विसरू नका."

पेपर पूर्ण झाला. ताईंनी तो तिथेच तपासला आणि रस्ते उघडल्यावर मालट्रकमधून जाऊन निकाल राजधानीत पोहोचवला.

"भीती नाही वाटली?" मागून एका विद्यार्थिनीने विचारले.

"वाटली ना. माझा मुलगा इथे धुळ्यात होता, सहा वर्षांचा. सारखा तोच आठवत होता. बाळाला घेतलं म्हणून मला रांगांमधून फिरता आलं."

मी त्या दिवशी बसने जळगावला परतले, ते मनाने अजून त्या कोठारातच होते.

पुढे मला परदेशी शिकवायला जाण्याची संधी आली. माझे वडील, आम्हा सगळ्यांचे आबा, तेलगिरणीतून निवृत्त झालेले. त्यांनी ठाम नकार दिला. त्या कार्यक्रमानंतर ताईंशी ओळख करून घेतली होती, म्हणून मी त्यांना फोन केला, तर रविवारी त्या धुळ्याहून थेट जळगावच्या पिंप्राळ्याला आमच्या घरी हजर. आबा अहिराणीच बोलत. धुळ्यात राहून ताईंचीही अहिराणी पक्की झाली होती.

"पोर एकली तठे जाई, मंग तिनासंगे लगीन कोन करी? लोके काय म्हनतीन?" आबा म्हणाले.

"आबा, लोके चार दिन बोलतीन. मंग त्याच लोके तुमना घर येतीन, आमनी पोरले बी धाडूत का, आसं इचारतीन."

"तुम्ही गयात तवय तुमना पोऱ्याले कोन देखे?"

"त्याना बाप. बापले बी येस ना पोऱ्या सांभाळता!"

बापालाही मूल सांभाळता येते, हे ऐकून आबा हसले, तिथेच निम्मे काम झाले; शेवटी होकारही मिळाला. निघताना ताई मला मात्र वेगळेच म्हणाल्या, "पहिले काही महिने रडशील. रड. मुलांची नावं पाठ झाली की थांबेल." अगदी तसेच झाले.

परत आल्यावर मी धुळ्यात ताईंच्या महाविद्यालयात, त्यांच्याच विभागात रुजू झाले. तेथे त्यांनी अहिराणीत शंका विचारणाऱ्या मुलांना कधी अडवले नाही. काही ज्येष्ठांना ते रुचले नाही, पण ताई शांतपणे म्हणत, "शंका आली हे महत्त्वाचं. भाषा नंतर येईल." चुकलेले गणित हाती आले, की "कुठे चुकलास" असे न विचारता "बरोबर कुठवर आलास, ते दाखव" असे म्हणत. मुले त्या वाक्यामुळे चुकायला घाबरेनाशी झाली.

माझ्यानंतर आमच्या गल्लीतली आणखी एक मुलगी बाहेरदेशी शिकवायला गेली. तिच्या वडिलांची समजूत घालायला आबा स्वतः गेले होते.

ताई आज साठ वर्षांच्या होत आहेत. एवढे धैर्य एवढ्या साधेपणाने बाळगणारे माणूस मी दुसरे पाहिलेले नाही. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. आमच्या मुलींना घराबाहेर पाऊल टाकताना हिंमत हवी असेल, तेव्हा ताईंचे दार ठोठावता यावे, हे मागणे त्यांच्यासाठी आहे तितकेच आमच्यासाठीही आहे.